यादीत ऱ्हिदमवाला एकही नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत जगातल्या दहा थोर गिटारवादकांवर आलेला लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, फोटोही झकास आहेत. पण दहाच्या दहा जण लीड, म्हणजे पुढे येऊन सुरावट आणि सोलो वाजवणारे. कोण सेकंदाला किती सूर काढतो याचा हिशेब दोन ठिकाणी दिलाय, आणि ऱ्हिदम गिटार, म्हणजे मागे राहून कॉर्डवर (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीवर) लय धरणारी गिटार, हा शब्द सबंध पानभर शोधून सापडत नाही. मी मिरजेचा. नोकरी सांभाळून सांगली-मिरज-कोल्हापूरकडच्या ऑर्केस्ट्रांत वर्षानुवर्षं ऱ्हिदमच वाजवली, तेव्हा ‘याला झोंबलं म्हणून लिहितोय’ असं कुणी म्हणेल. म्हणू दे. झोंबलंच आहे.

आधी एक दुरुस्ती. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची दोन बोटं तुटली होती, असं लेखात आहे. तुटली नव्हती. तो रोमा समाजातला, राहायचा चाकांवरच्या घरात. 1928 साली त्या घराला आग लागली आणि त्यात डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी भाजून आखडली. पुढे वेगाच्या सुरावटी तो उरलेल्या दोनच बोटांनी काढायचा, कॉर्ड धरताना मात्र ती आखडलेली बोटंही जमतील तशी पातळ तारांवर टेकवायचा. हे झालं किरकोळ. मोठी गोष्ट लेखात आलीच नाही. 1934 मध्ये पॅरिसला जँगोचं जे पाच जणांचं पथक उभं राहिलं, त्यात तो स्वतः, व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, एक डबल बेस, आणि उरलेले दोघं नुसती ऱ्हिदम गिटार वाजवणारे. ड्रमर नव्हताच. त्या दोघांपैकी एक जँगोचा सख्खा भाऊ जोसेफ. जँगो हवेत कोलांट्या मारतो तेव्हा खाली चादर धरून कोण उभं आहे, ते एकदा कान देऊन ऐका. मग त्या कोलांट्यांचं श्रेय कुणाकुणाला द्यायचं ते ठरवू.

थोर गिटारवादक कोण, याचं माझं उत्तर साधं आहे. ज्याच्या असण्यानं शेजारी बसलेला माणूस आपल्या कुवतीपेक्षा बरं वाजवायला लागतो, तो. आणि या हिशेबानं माझ्या यादीत पहिलं नाव फ्रेडी ग्रीनचं.

आपल्याकडे फारसं कुणी हे नाव घेत नाही. जन्म 1911, अमेरिकेत साउथ कॅरोलायनामधलं चार्ल्सटन. 1937 मध्ये काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये शिरला आणि 1987 मध्ये वारला तेव्हाही त्याच बँडमध्ये होता. खुद्द बेसी 1984 मध्ये गेला, बँड दुसऱ्यांच्या हाती आला, पण गिटारच्या खुर्चीवर हाच. पन्नास वर्षांत सोलो म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतके. काम काय? चार मात्रा, दर मात्रेला एक ठोका, हात वरून खाली. संपलं. आणि एवढ्या भांडवलावर त्याला ‘मिस्टर ऱ्हिदम’ म्हणायचे. 1955 मध्ये त्याच्या नावानं ध्वनिमुद्रित झालेल्या रेकॉर्डलाही तेच नाव दिलं.

त्याच्या गिटारला ना पिकअप (तारांचा आवाज विजेनं उचलणारा), ना अँप्लिफायर. भोवती ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन मिळून डझनभर फुंकणारे. मग ती ऐकू येणार कशी? पुष्कळदा येतच नाही, म्हणजे वेगळी काढून दाखवता येत नाही. डबल बेसच्या सुराला कड आल्यासारखी वाटते, ड्रमच्या झांजेला सूर फुटल्यासारखा वाटतो, ती ग्रीनची गिटार. त्यासाठी त्यानं तारा फळीपासून चांगल्या उंच ठेवल्या होत्या. डावा हात कॉर्डचा आकार धरायचा, पण नीट दाबायची एखाददुसरी तार, ती बहुधा मधली. बाकीच्यांवर बोट नुसतं टेकवून त्या मुक्या करायच्या. म्हणजे पियानोशी टक्कर नाही, गायकाच्या पट्टीवर अतिक्रमण नाही, आणि ठोक्याला एक सूरही आहे.

ही तारांची उंची मी स्वतःच्या गिटारवर करून पाहिली. माझी एफ-होलवाली, म्हणजे पुढच्या फळीला इंग्रजी एफसारखी भोकं असलेली देशी गिटार, सुट्या घोडीची (तारा पेलणाऱ्या पट्टीची). आमच्या मिरजेत सतारमेकरांची दुकानं ओळीनं आहेत. तिथल्या एका वयस्क कारागिराकडे नेली. जव्हारी काढताना कानस किती फिरवायची हे नखाएवढ्या फरकानं जाणणारी ही माणसं. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, तारेखाली बोट सारून पाहिलं आणि म्हणाले, “सगळे तारा खाली घ्यायला येतात. तुम्ही चढवायला आलाय?” घोडीखाली शिसवीची पातळ चीप सारली आणि दिली वाजवायला. बोटं सोलून निघाली, खोटं कशाला बोलू. पण पेठेतल्या बंद खोलीत, माइक नसताना, ढोलकी आणि हार्मोनियमच्या मधून माझी गिटार मला पहिल्यांदा ऐकू आली. लीडवाल्याच्या कामाची ती उंची नव्हे. त्याला पळायचं असतं. आम्हाला जागेवर उभं राहायचं असतं.

ग्रीनबद्दल बँडमधल्यांनी पुढे सांगितलेला एक किस्सा आहे. सुरुवातीच्या काळात त्यालाही मोह झाला, गिटारला अँप्लिफायर लावून तो सोलो घ्यायला लागला. तो सोलो घ्यायचा तेव्हा खालचा ठोका बंद, आणि अख्खा बँड लंगडायचा. मग साथीदारच गुपचूप वायर काढायला लागले, आतली जोडणी बिघडवून ठेवायला लागले, शेवटी त्यानं तो नाद सोडला. तिखटमीठ किती लागलंय देव जाणे. पण लीड जरा गप्प राहावा म्हणून वायर काढायचा विचार आमच्याही मनात अनेकदा येऊन गेलाय.

आमच्या ऑर्केस्ट्रात थोरले गिटारवादक होते, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. ते उमेदीत काही वर्षं मुंबईत होते, तिथं एका गोव्याच्या ट्रम्पेटवाल्यानं त्यांना बेसीच्या रेकॉर्डी ऐकवल्या होत्या. मला फ्रेडी ग्रीन कळला तो मामांकडून. गणपतीचा सीझन तोंडावर आला की नवीन पोरं वाजवून दाखवायला यायची. एकदा इचलकरंजीचा एक पोरगा आला. बोटं अशी फिरत होती की आम्ही बघतच राहिलो. मामा मान डोलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “छान. आता जी कॉर्ड धर आणि नुसतं स्ट्रमिंग कर.” ढोलकीवाल्याला सांगितलं, मध्यलयीत केरवा धर. दोघांचं जमलं. मग मामांनी ढोलकीला हातानं थांबवलं आणि पोराला म्हणाले, “तू थांबू नको.” स्वतः पायानं लय मोजत, खिडकीकडे तोंड करून पान लावत बसले. पान तोंडात गेल्यावर ढोलकीवाल्याला खूण केली. तो आपल्या मूळच्या लयीत परत आला तोवर पोरगं पुढच्या गावाला पोचलेलं. सगळे हसले, मामा नाही हसले. “हात चांगला आहे तुझा,” म्हणाले, “पण तू एकटा असलास की घाबरतोस.” त्याला घेतलं, मात्र तो सबंध सीझन लीडला हात लावू दिला नाही. आज तो मुंबईत पोटापाण्यापुरतं बरं कमावतो, आणि लीडच वाजवतो.

याच मामांचं आणखी एक आठवतं. एका गावच्या मंडळापुढे गाणाऱ्या ताई मधल्या म्युझिक पीसचं एक आवर्तन शिल्लक असतानाच अंतऱ्यात शिरल्या. लीडवाला आपल्या पीसमध्ये डोळे मिटून दंग. मामांची नजर कायम गाणाऱ्याच्या खांद्यांकडे असायची, श्वास कधी घेतला ते तिथं दिसतं म्हणून. ताईंचा पहिला शब्द पुरता व्हायच्या आत त्यांनी कॉर्ड बदलली, गिटारची मान उंच केली, बेसवाल्यानं पाहिलं, ढोलकी आली, लीडवाला डोळे उघडून गप्प झाला. समोरच्या गर्दीला पत्ता नाही. ताईंनाही घरी जाताना कळलं. अशा वादकाला वन्समोअर मिळत नाही, कारण त्यानं काय केलं हे कुणाला दिसलेलंच नसतं.

आता यादीतल्या पहिल्या नंबराकडे येतो. जिमी हेंड्रिक्स. हरकत काहीच नाही. पण तो आभाळातून पडला नव्हता. 1964-65 च्या सुमारास आइस्ली ब्रदर्स आणि लिटल रिचर्ड यांच्या मागे उभं राहून तो साथ करत होता. दुसऱ्याच्या गाण्यात कुठं शिरायचं आणि कुठं नाही, ही तालीम त्यानं तिथं केली. पुढे त्याच्या वाजवण्यात कॉर्ड कुठं संपते आणि सुरावट कुठं सुरू होते हे सांगता येत नाही. अंगठा मानेवरून वळवून खर्जाची तार दाबायची आणि मोकळ्या बोटांनी त्यातच सूर गुंफायचे. लेखात मात्र त्यानं गिटार पेटवली, दातांनी वाजवली, एवढंच.

मी सुरावट वाजवणाऱ्यांवर उठलोय असंही नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा घ्या. जोधपूरचे, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवर लोखंडी कांडी सरकवत त्यांनी तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणारा सूर, काढली. 1967 मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ केली, तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. संतूरचा सूर तुटक, बासरीचा श्वासागणिक भरलेला, आणि त्या दोहोंना सांधणारी ही गिटारची मींड. काब्रांना तिथं पुढे पुढे करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही, म्हणून ती रेकॉर्ड आजही घराघरांत लागते. त्यांचंही नाव आपल्या यादीत नाही, पण निदान ते रेकॉर्डवर तरी छापलं गेलं.

हिंदी सिनेमाच्या वादकांना तेवढंही मिळालं नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर गायक, संगीतकार, गीतकार. वादक सगळे ‘आणि इतर’मध्येही नाहीत. 1971 च्या ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, हे आज लोकांना ठाऊक आहे ते भूपिंदर गायक म्हणून मोठे झाले म्हणून. नुसते गिटारवाले राहिले असते तर कुणी विचारलं असतं? स्टुडिओत मागच्या रांगेत बसून आयुष्यभर ऱ्हिदम ठोकणारी माणसं होती, कित्येक त्यात गोव्याची. त्यांच्यातले काही अजून हयात असतील. वर्तमानपत्रानं त्यांच्याकडे जाऊन विचारावं, कुठलं गाणं तुमचं? हे काम दहाची यादी करण्यापेक्षा कष्टाचं आहे, मान्य. पण ती माणसं गेली की विचारायचं कुणाला?

आमच्याकडे आता ऑर्केस्ट्रा म्हणजे एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि लॅपटॉपवरचा ट्रॅक. बजेट कमी झालं की पहिली कात्री ऱ्हिदम गिटारवर. “ट्रॅकमध्ये आहेच की,” म्हणतात. ट्रॅकमध्ये आहे, बरोबर. पण ताई अंतऱ्यात लवकर शिरल्या तर ट्रॅक त्यांच्या खांद्यांकडे बघत नाही. बेसीनं तरी वेगळं काय केलं? 1950 मध्ये पैशाच्या अडचणीत मोठा बँड मोडून त्यानं लहान पथक काढलं, त्यात गिटारला जागा नव्हती. तर ग्रीन एका रात्री आपली गिटार घेऊन थेट स्टेजवर जाऊन बसला, असं सांगतात. बोलावणं नव्हतं. बेसीनं उठवलंही नाही. आमच्यातल्या कुणाला हे सुचलं नाही, आणि सुचून असं जाऊन बसलो असतो तर मानधनाचं पाकीट कुणी दिलं असतं असंही वाटत नाही.

पोरांनी वेग शिकू नये असं माझं म्हणणं नाही. मोबाइलवर बघून चौदा वर्षांची मुलं आज जे वाजवतात ते आमच्या काळात मुंबईतसुद्धा फार थोड्यांना येत होतं. पण रील असतं अर्ध्या मिनिटाचं, आणि लय धरायला कानात क्लिक (यंत्राचा टकटक ठोका) वाजत असते. चार मिनिटं, क्लिक काढून, दुसऱ्याच्या गाण्याखाली, एकही जादा सूर न घेता उभं राहायचं, याचा व्हिडिओ कुणी बघत नाही. मग ते शिकणार कोण, आणि शिकवणार कोण? म्हणून वर्तमानपत्राच्या यादीकडे माझं लक्ष जातं. पोराच्या हातात गिटार घ्यायच्या आधी आई-बाप ती यादी वाचतात.

तेव्हा पुढची यादी कराल तेव्हा एक जागा ऱ्हिदमला ठेवा. आणि लेखकांना एक विनंती. काउंट बेसीच्या बँडनं 1957 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘लिल डार्लिन’ ही नील हेफ्टीची रचना शोधून ऐका. हेफ्टीनं ती जलद लयीत लिहिली होती, बेसीनं ती पार विलंबित करून टाकली. एवढ्या संथ लयीत डझनभर फुंकणाऱ्यांना एकत्र ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं ठेका धरलाय त्याला विचारा. पहिल्यांदा नुसतं गाणं ऐका. दुसऱ्यांदा ट्रम्पेट सोडून द्या आणि डबल बेसच्या जरा वर कान लावा. मोबाइलच्या स्पीकरवर काही सापडणार नाही, हेडफोन लावा, तोही बरा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऑर्केस्ट्रातला एक जुना ऱ्हिदम गिटारवाला,
मिरज