आईबापांना आधीच का मारता?

मा. संपादक, स.न.वि.वि.

सुपरपॉवरवाल्या पोरांच्या गोष्टी आमच्या घरात सध्या इतक्या चालू आहेत की आता पहिल्या दहा मिनिटांत पुढचं सगळं सांगता येतं, म्हणजे पोरगं पंधरा-सोळाचं, वर्गात कुणी विचारत नाही, मग अचानक हातातून वीजबीज निघते आणि एक म्हातारा गुरू येऊन सांगतो की भाकितातला तो तूच. गुरू शेवटाआधी मरणार हे पण ठरलेलं.

पण मला खटकतं ते आईबाप आधीच गेलेले असतात ते. घरी आई असली तर रात्री अकराला कोण सोडणार हो राक्षस मारायला? लेखकाची सोय, दुसरं काय! १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला तोही अनाथच, पण त्याने सोडून दिलेल्या चोरानेच काकाला मारलं, त्यामुळे ते मरण त्याला कायमचं लागलं, शिवाय पैशाची चणचण होतीच. नंतरच्यांनी मेलेला काका तेवढा उचलला आणि चणचण राहिली बाजूला.

आणि आपला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे? पॉवर शून्य, सायकल आणि डोकं, तरी पोरं वेडी होती.

तुमच्या रविवार पुरवणीत एखादी नाशिकची उडणारी पोरगी येऊ द्या की, कॉलेज रोडला क्लास, गोदाघाटावर मारामारी आणि घरी जिवंत आई, जी विचारते ड्रेस कुठे फाडलास.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक