टीव्ही निवडून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, ठाऊक आहे. पेढ्यांचा बॉक्ससुद्धा तुम्ही "बाबांनाच दे" म्हणून परत पाठवलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते चार लोकांना कळू दे, आणि टीव्ही घ्यायला निघालेल्या कुणाच्या तरी ते कामी येऊ दे.

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचा दिवस खिडकीलगतच्या कॉटवर जातो. बातम्या, कीर्तन, क्रिकेट, जे काही आहे ते टीव्हीवर. जुना टीव्ही बंद पडला तो २०२५ च्या ऐन गणपतीत. गौरी यायच्या आत नवा आणायचा असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. तुम्ही वर आलात, जुन्या टीव्हीचं मागचं झाकण उघडून पाहिलंत, पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदाच, गेलंय म्हणालात, आणि लगेच म्हणालात, "पोरी, एवढ्यात घेऊ नकोस. १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी करायचं सांगितलंय. निर्णय येऊ दे." तोवर बाबांनी काय बघायचं, हे विचारायची वेळही तुम्ही आणली नाहीत. संध्याकाळी तुमच्या घरचा छोटा टीव्ही आमच्या टेबलावर होता. काका, ते मी कधीच विसरणार नाही.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला: ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर, आणि तो लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेला. तुम्ही कागदावर हिशोब मांडून दाखवलात. मूळ किंमत ३०,००० असेल तर पूर्वी ३८,४०० पडायचे, आता ३५,४००. दहा टक्के कर उतरला म्हणून बिल दहा टक्क्यांनी उतरत नाही, पावणेआठच्या आसपास उतरतं, हे त्या कागदामुळे डोक्यात पक्कं बसलं. पुढे एका दुकानात ३२ इंची टीव्हीवर "जीएसटी कपातीची खास किंमत" लावलेली दिसली, तेव्हा त्याचाच उपयोग झाला. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर आधीपासूनच १८ टक्के होते.

पण पैसे वाचले त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही विचारलेला पहिला प्रश्न. बाकी सगळे "बजेट किती?" विचारत होते. तुम्ही विचारलंत, "बघणार कोण, आणि कुठून?" मग टेप घेऊन कॉटपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलंत. बाबा तिरके पडून बघतात, आई स्वयंपाकघराच्या दाराशी भाजी निवडत दुसऱ्या बाजूने बघते, समोर असं कुणी बसतच नाही, हे आमच्याच घरात राहून आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आयुष्यभर पुण्याच्या तपकीर गल्लीत टीव्ही दुरुस्त केलेला माणूस काय बघतो ते दुकानात कळलं. सेल्समन ५५ इंची टीव्हीवर मोर आणि धबधबे दाखवत होता. तुम्ही त्याला शांतपणे म्हणालात, "शो मोड काढ आणि मराठी बातम्या लाव." भडक रंग उतरले. मग तुम्ही अगदी कडेला जाऊन उभे राहिलात आणि मलाही तिथेच बोलावलंत. एका पडद्यावरचा निवेदिकेचा चेहरा कडेने पांढुरका पडला होता, शेजारच्यावर तसाच स्वच्छ होता. पॅनलचे हे दोन प्रकार: पहिला टीव्ही व्हीए पॅनलचा, दुसरा आयपीएसचा. समोरून, अंधारात सिनेमा बघणाऱ्याला व्हीएचा काळा रंग जास्त गडद मिळतो. पण आमच्या उजेडाच्या खोलीत, तिरक्या नजरेला आयपीएसच हवा. खोक्यावर हे बहुधा छापलेलं नसतं, आणि एकाच कंपनीच्या एकाच सीरिजमध्ये ४३ आणि ५५ इंचांना वेगळं पॅनल असू शकतं, हेही तुम्हीच सांगितलंत. कडेला उभं राहून बघणं हीच खरी परीक्षा. ती मी आता भेटेल त्याला सांगते.

४३ इंचच घ्यायचा, हाही तुमचाच आग्रह. केबलवरचे साधे चॅनल फार मोठ्या पडद्यावर विसविशीत दिसतात, आणि बाबा नेमके तेच बघतात. तिथेच आदल्या वर्षीचं मॉडेल होतं, पॅनल तेच, रिमोट तेवढा जुना. खोक्यावरचा उत्पादनाचा महिना वाचून तुम्ही किंमत आणखी खाली आणलीत. फुकटचा साउंडबार नाकारून त्याऐवजी वॉरंटी वाढवून मागितलीत, आणि ती बिलावर लिहून घेतलीत.

नो-कॉस्ट ईएमआयचं, म्हणजे क्रेडिट कार्डावरच्या बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचं, तर मी सहीपर्यंत आले होते. तुम्ही थांबवलंत आणि त्या मुलाला दोन्ही आकडे लिहायला लावलेत: रोख दिले तर किती, आणि हप्त्यांनी एकूण किती. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट आधी दिलेली असते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. शिवाय रोखीवर मिळणारी सूट हप्त्यांवर मिळत नव्हती. आम्ही रोख दिले.

टीव्ही घरी आला त्या दिवशीही तुम्ही हजर. खोकं तुमच्यासमोर फोडायला लावलंत, बिलावरचा सिरियल नंबर टीव्हीच्या मागच्या नंबराशी ताडून पाहिलात, मग पांढरा, लाल, हिरवा, निळा, काळा असे पूर्ण पडदे लावून एखादा ठिपका मेलेला आहे का ते चष्मा वर करून न्याहाळलंत. सगळं ठीक निघाल्यावर चहासुद्धा न घेता खाली गेलात.

२ नोव्हेंबरला आपल्या मुली नवी मुंबईत विश्वचषक जिंकल्या. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तो बाबांनी कॉटवरून, मान न वळवता पाहिला. त्यांचं बोलणं अजून अडखळतं, पण त्या रात्री त्यांनी दोनदा तुमचं नाव घेतलं.

आता शेजारच्या वहिनींना टीव्ही घ्यायचा आहे. त्यांच्याबरोबर मी जाणार आहे, टेप आणि मॉडेल नंबर लिहायला वही घेऊन. कुठे अडलं तर दुकानातूनच फोन करीन, तेवढा उचला.

आणि पेढे पुन्हा पाठवते आहे. या वेळी काकूंच्या हातात देणार आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेक