मंत्रीसाहेब, बारा हजार गुणिले दहा किती झाले?

मा. शालेय शिक्षण मंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळूर यांना,

साहेब, सप्रेम नमस्कार. तुम्ही कामात असणार, म्हणून थोडक्यात लिहिते.

मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत आठ वर्षं अतिथी शिक्षिका होते. 'होते' म्हणायची सवय अजून लागली नाही. 1 नोव्हेंबरला शाळेत राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकचा स्थापना दिवस, झाला, पोरांचं कन्नड गाणं मीच बसवलं, त्यावरून, मराठी भाग कर्नाटकात घातला म्हणून त्याच दिवशी काळा दिवस पाळणाऱ्या गल्लीतल्यांची बोलणी पण मीच खाल्ली, आणि सोमवारी 3 तारखेला हेडसरांनी बाजूला घेऊन सांगितलं, मॅडम, हेच्चुवरीतून (दुसऱ्या शाळेत जादा झालेल्या शिक्षकांच्या बदलीतून) परमनंट सर आलेत, उद्यापासून येऊ नका. झालं. ऑर्डर तरी दाखवा म्हटलं तर म्हणे अतिथीला कसली ऑर्डर. आमच्यात पाव्हण्याला निदान चहा करून वाटेला लावतात वो.

ऑगस्टपासूनचं मानधन पण आलेलं नाही. बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या ऑफिसात गेलं की 'नाळे बन्नी' (उद्या या), अनुदान एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा समितीच्या, खात्यावर पडलं की देऊ. चार चकरा झाल्या. शक्ती योजनेमुळे बायकांना बस फुकट आहे हे तुमचे उपकारच, नाहीतर मानधन मागायला जाण्यातच मानधन संपलं असतं.

मार्च 2025 च्या बजेटात तुमच्या सरकारनं दोन हजार वाढवले, प्राथमिकला दहाचे बारा झाले, पेपरात फोटो आले, घरच्यांनी पेढे मागितले. आता चौथीच्या पोरांना घालतो तसं गणित घालते. पगार दहाच महिने, एप्रिल-मे मध्ये आम्ही जेवत नाही असं सरकारचं मत आहे. बारा हजार गुणिले दहा, एक लाख वीस हजार. भागिले बारा. किती आले? दहाच हजार की! रोजगार हमीचा दर 2025-26 ला दिवसाला 370 होता, जाऊ तिकडेच, तिथं कोण डीएड झालं का विचारत नाही.

आणि अनुभवाला किंमत किती, तर शून्य. 2022 ला पंधरा हजार जागांची भरती निघाली, ती सहावी ते आठवीची, डिग्रीवाल्यांची. मी बारावी-डीएड, पहिली ते पाचवीची, मी नुसती जाहिरात वाचली. वय चाललंय साहेब. कोरोनात शाळा बंद तर आम्ही पण बंद, काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायला गेले, चिकानं बोटं काळी पडली ती महिना महिना जात नव्हती. शाळा उघडल्यावर फळ्यावर लिहीत होते तर पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, बाई, तुमचा हात भाजला काय? काय सांगणार, व्हय म्हटलं.

आलेले सर माणूस म्हणून चांगलेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांना मराठी येत नाही. दुसरीतली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, जोडाक्षरं निम्म्यावर राहिलीत. मला घालवलं त्याच्या तिसऱ्या दिवशी हेडसरांचा फोन, मॅडम, एसएटीएसचा (पोरांची माहिती भरायच्या सरकारी साइटचा) पासवर्ड काय होता, कुणाला उघडंना. दिला. न देऊन काय करणार, पोरांची माहिती अडायची.

राज्यघटनेत 350 अ कलम आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय करा म्हणून, 1956 पासून आहे. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, लिहिलंय की शाळेच्या मंजूर शिक्षकांपैकी दहा टक्क्यांच्या वर जागा रिकाम्या नकोत. आमच्या शाळेत तीन मंजूर, हे सर येईपर्यंत एकच भरलेली, हे कुठल्या टक्क्यात बसतं ते बघा. मग वर्षाला दोन पोरं कमी होतात, आईबाप इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये घालतात, आणि तुमचे अधिकारी लिहितात, मराठी शाळांना मागणी नाही. आधी मास्तर द्यायचा नाही, मग पोरं नाहीत म्हणून कुलूप लावायचं.

महाराष्ट्राचे पुढारी तरी काय. सीमाभागातली 865 गावं आमची म्हणून ठराव करायचा, सीमावादाच्या कोर्टात 2004 पासून तारखा, आणि इकडचा माणूस तिकडं नोकरीला गेला की म्हणायचं, हे कर्नाटकचं डीएड चालतंय का बघावं लागेल. तुम्हाला आम्ही मराठी, त्यांना आम्ही कानडी मुलखातले, मत मागताना तेवढे दोघांचे. गावात कोण आलं निवडून तरी माझ्या वर्गाची गळकी कौलं तशीच आहेत. असो, वाहवत गेले.

माझं मागणं एवढंच, थकलेले पैसे द्या, बारा महिन्यांचं मानधन करा, आठ-दहा वर्षं राबलेल्यांना भरतीत काहीतरी मार्क द्या, आणि मराठी शाळेत मराठी येणारा माणूस पाठवा. मीच पाहिजे असं नाही.

डिसेंबरात अधिवेशनाला बेळगावला येणारच की तुम्ही. सुवर्णसौधच्या, म्हणजे तिथल्या विधानभवनाच्या, बाहेर पोलिसांनी दोरी बांधलेली असते तिथं मी उभी असेन, निवेदन घेऊन. ते मराठीत आणू का कन्नडात तेवढं आधी कळवा, मागच्या वेळी मराठीत होतं म्हणून टेबलावरच्या साहेबांनी न वाचताच परत दिलं.

आपली,
एक माजी अतिथी शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव