कळतं, पण वळत का नाही?

मा. संपादक,

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपल्या पुरवणीत ‘आपल्या भावना ओळखा’ अशा आशयाचा लेख आला होता. लेख चांगला होता. पण तो जिथे संपला तिथूनच माझ्यासारख्याची खरी अडचण सुरू होते, म्हणून हे पत्र.

मी आर्वी तालुक्यातला कास्तकार, वय ५४. सात एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. मला राग लवकर येतो हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. माहीत कसलं, मी ते मिरवत आलो. ‘आपला स्वभावच तसा, पण पोटात काही नसतं बरं का’ हे चारचौघांत हसून सांगायचं. पोटात नसतं हे खरं, कारण सगळं बाहेर पडलेलं असतं आणि ते घरच्यांच्या अंगावर.

मागच्या डिसेंबरात कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. हमीभावाला कापूस द्यायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. माझा १४ निघाला. चूक माझीच, दव वाळायच्या आत वेचणी उरकली होती. व्यापाऱ्याला पडत्या भावात घालून रात्री नऊला घरी आलो. बायकोनं ताट वाढलं. वरणात मीठ कमी होतं. मी ताट भिरकावलं.

आता सांगण्यासारखी गोष्ट ही, की ताट हातातून सुटायच्या आधी मला स्वच्छ दिसत होतं, हा राग त्या ओलाव्याच्या यंत्रावरचा आहे, वरणावरचा नाही. तरी सुटलंच. भिंतीवर आपटून ते गरगरत चुलीपाशी गेलं. आठवीतला पोरगा उठला, ताट उचललं, पुसलं आणि मांडणीवर उभं करून ठेवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दचकला नाही, घाईही केली नाही. त्याला त्याचा सराव झालेला होता.

म्हणजे ओळखण्यात मी कुठे कमी पडत नव्हतो. शपथाही घेऊन झाल्या होत्या. देवापुढे नारळ फोडून ‘आजपासून राग बंद’. तिसऱ्या दिवशी शपथ मोडायची, मग स्वतःचाच संताप यायचा आणि तोही पुन्हा घरावरच निघायचा.

सुचलं ते गोऱ्ह्यावरून. माझा बाप नवा गोऱ्हा कामाला लावायचा तेव्हा त्याला जुन्या, शांत बैलासोबत जुंपायचा. वखर नाही, काही नाही, नुसतं जू मानेवर. वावरात दोन फेरे मारले की सोडला, पुढ्यात मूठभर ढेप. गोऱ्हा मध्येच बसला तर बाप त्याला मारायचा नाही, नुसता शेजारी उभा राहायचा. म्हणायचा, बसल्यावर मारलं तर तो बसायलाच शिकतो. जनावराच्या बाबतीत हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःला मात्र आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतो आणि बसलो की तुतारी (टोकदार काठी) टोचतो.

तेव्हा मी एकच केलं. वावरातून किंवा बाजारातून आलो की पायरीजवळ गडवा भरलेला असतो. पाय तर सगळेच धुतात. मी फक्त ते हळू करायचं ठरवलं. गडवा रिता होईपर्यंत बोलायचं नाही, श्वास लांब सोडायचा आणि मनाला विचारायचं, आज कुणावरचा राग घेऊन आलास? उत्तर आलं नाही तरी चालेल. एवढंच. मोबाइल नाही, चटई नाही. श्वास सोडताना नाडी थोडी मंदावते, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं.

एकवीस दिवसांत सवय लागते असं जो तो सांगतो. मुलीनं मोबाइलवर वेगळंच वाचून दाखवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी पाहिल्या. अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात होतं. मी दुसऱ्या टोकाचा माणूस. २५४ दिवस म्हणजे पऱ्हाटी लावण्यापासून उपटण्यापर्यंतचा काळ, त्याची आम्हाला सवय आहे.

चुकलो का? चुकलो. ऑगस्टात घरच्या पाण्याची मोटार जळाली तेव्हा पाय न धुताच घरात शिरलो आणि पोरावर ओरडलो. फरक इतकाच की त्या रात्री शपथ घेतली नाही. दुसऱ्या दिवशी गडवा भरला. ताट मात्र डिसेंबरनंतर उडालेलं नाही. बायकोचं मत विचारलं तर म्हणते, “राग गेला का नाही ते मले नाही मालूम, पण तुमच्या पायाच्या भेगा मात्र भरल्या.”

थांबणं आम्हाला नवीन नाही खरं तर. नदीपलीकडे मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. लाखो माणूस जागच्या जागी उभा राहतो. मीही कितीदा राहिलो. तिथून घरी येऊन त्याच संध्याकाळी भांडलोही आहे.

एक मात्र बजावून सांगतो. गडव्यानं कर्ज धुतलं जात नाही, आणि कापसाला भाव नाही म्हणून खचलेल्या माणसाला ‘श्वास घे’ सांगून कुणी मोकळं होऊ नये. ज्याला झोप नाही, जगणं नकोसं वाटतं, त्याला माणूस लागतो, तोही जवळचा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्यामार्फत मदत पोचवली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आमच्या गावी आशाताई आहे, तिच्याकडे रजिस्टरं सतरा आहेत, पण हे शिकायला तिला कुणी बोलावलेलं नाही.

आणि आपल्याकडे एक मागणं. मानसिक त्रासासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत. आमच्या पारावर दहा जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हता. आपल्या दैनिकातली बाजारभावाची चौकट मात्र दहाही जण रोज पाहतात. तुरीच्या भावाखाली एक ओळ जागा निघत असेल तर तिथे हा क्रमांक रोज छापावा.

आपला,
एक कास्तकार, ता. आर्वी, जि. वर्धा

(नाव व गाव आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिले आहे. ताटाची गोष्ट आली म्हणून पोरगा म्हणतो नाव छापू नका.)