तारीख बघा, मग अपडेट: संगणकवाल्या ताईंना उघडं आभारपत्र

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

"अपडेट होत नाही? फॉरमॅट मारा!" ही आमच्या पतसंस्थेची जुनी रीत तुम्ही मोडलीत. त्याबद्दल पाचही शाखांतल्या सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी लहान कार्यालयांचं हेच दुखणं आहे.

सगळ्यात मोठा उलगडा झाला घड्याळाचा. पावसाळ्यात विजा पडतात म्हणून इथे संध्याकाळी सगळे प्लग काढून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण प्लग निघाला की मदरबोर्डवरचं घड्याळ फक्त सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या बटणसेलवर चालतं. सेल उतरला की संगणक सकाळी काही वर्षं मागची तारीख घेऊन उठतो. आपला अपडेट सर्व्हर (सगळ्या यंत्रांना विंडोजची अपडेट वाटणारा, म्हणजे डब्ल्यूसस) ८५३१ पोर्टवर एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने बोलतो. त्या मागच्या तारखेला सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र सुरूच झालेलं नसतं, म्हणून जोडणी नाकारली जाते आणि ०एक्स८००७२एफ८एफ हा कोड दिसतो. सगळे राउटर बंद-चालू करत असताना तुम्ही पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलंत. सर्व्हरच्या वेळेशी ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की डोमेनची (आपल्या संगणकांच्या जाळ्याची) केर्बेरॉस नावाची ओळख-तपासणीही फसते आणि ग्रुप पॉलिसी, म्हणजे सर्व्हरने लावलेले नियम, पोचत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. वेळ हाताने दुरुस्त केली तर तो दिवस निभतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. सेल बदलायलाच हवा.

तो बदलण्याआधीची तुमची सूचना तर सोन्यासारखी आहे: बायोसच्या (विंडोजआधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सेटिंगच्या) सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सेल काढल्यावर काही बोर्डांवर सेटिंग मूळपदाला जातात. साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट गेला तर विंडोज सुरूच होत नाही. सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) बदलला तर बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली हाताशी नसेल तर केस उघडूच नका, हे तुम्ही बजावून सांगितलंत.

दुसरा गुंता क्लोनिंगचा. एकच डिस्क तयार करून तिच्या नकला सगळीकडे टाकलेल्या, त्यामुळे सगळ्या यंत्रांचा 'ससक्लायंटआयडी' (अपडेट सर्व्हरसाठीचा ओळख क्रमांक) एकच. डब्ल्यूसस सर्व्हरला १४ संगणक एकच वाटतात. यादीत सकाळी काउंटर २ दिसतो, दुपारी त्याच ओळीत काउंटर ५, आणि कुणाचं अपडेट राहिलंय याचा पत्ता लागत नाही. तुमचा उपाय असा: विंडोज अपडेट सेवा थांबवायची, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) विंडोजअपडेट या कप्प्यातल्या ससक्लायंटआयडी आणि ससक्लायंटआयडीव्हॅलिडेशन या दोन नोंदी पुसायच्या, सेवा सुरू करायची, मग सेटिंग्जमध्ये 'चेक फॉर अपडेट्स' दाबायचं. एका वेळी एकच यंत्र घ्यायचं आणि यादीत त्याचं नाव स्वतंत्र आलं की पुढच्याला हात घालायचा. यापुढे नक्कल काढण्याआधी यंत्राची स्वतःची ओळख पुसणारं सिसप्रेप जनरलाइझ सक्तीचं.

विंडोजच्या फाइली बिघडल्या असतील तर आधी डिसम या दुरुस्ती-आज्ञेचं रिस्टोअरहेल्थ, मग फाइली तपासणारं एसएफसी स्कॅननाउ, हा क्रम आता पाठ झालाय. पण डिसम ०एक्स८००एफ०८१एफ हा कोड दाखवून का अडतं, ते तुमच्याइतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. ते दुरुस्तीच्या फाइली आपल्याच डब्ल्यूससकडे मागतं, आणि त्या तिथे नसतात. मग विंडोजच्या त्याच आवृत्तीच्या आयएसओतली (इन्स्टॉल डिस्कच्या नकलेतली) इन्स्टॉल.विम ही फाइल सोर्स म्हणून दाखवायची, तिच्यातला आपल्या एडिशनचा क्रमांक गेट-विमइन्फोने बघून घ्यायचा आणि शेवटी /लिमिटअ‍ॅक्सेस जोडायचं, म्हणजे ते सर्व्हरकडे धावत नाही.

सी ड्राइव्ह भरला असेल तर डिस्क क्लीनअप, हे आमचं आम्हालाही जमतं.

गणपतीच्या सुट्टीनंतर सगळी यंत्रं एकदम जागी होतात आणि शाखेची इंटरनेट लाइन तुंबते. त्यासाठी तुम्ही डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (अपडेट एकमेकांत वाटून घ्यायची विंडोजची सोय) १ या मोडवर ठेवलंत आणि फायरवॉलमध्ये ७६८० पोर्ट उघडलात. आता एका यंत्राने उतरवलेले तुकडे शेजारचं यंत्र आतल्या आत घेतं, आणि काउंटरवरची रांग खोळंबत नाही. पासबुक भरायला गावावरून एसटीने आलेल्या आजीला परतीची गाडी मिळते. ताई, आमच्यासाठी ही गोष्ट फार मोठी आहे.

मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं, पण आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून आमच्या वहीत 'बुधवार' असं लिहिलंय. बुधवारी फक्त दोन यंत्रं, त्यांतलं एक पासबुक प्रिंटर जोडलेलं. त्यावर छपाई नीट झाली तरच सोमवारी बाकीची. रीस्टार्ट मात्र लाइट असतानाच, इन्व्हर्टरवर कधीच नाही.

तुम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कोडांचा कागद दमट हवेने सुटायला लागला होता, तो लॅमिनेट करून पुन्हा लावलाय. राजापूर शाखेतल्या एका यंत्राचा सेल बदलायचा राहिलाय. बायोसचे फोटो काढून झालेत, किल्लीही मिळालीय. शनिवारी बदलतो आणि तुम्हाला कळवतो.

आपले कृतज्ञ,
पाचही शाखांतले कर्मचारी
रत्नागिरी