ज्याला झळ बसते, त्याला प्रश्न विचारता येतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘श्रद्धा गेली की तत्त्वांना आधार उरत नाही’ आणि ‘तत्त्वे निव्वळ बुद्धीवर उभी हवीत’ अशी नीतीच्या तत्त्वांविषयीची दोन्ही बाजूंची पत्रे वाचली. मी सश्रद्ध आहे, रोज प्रार्थना करते आणि नोकरीभर भूमिती शिकवली आहे. मला दोन्ही पत्रे पटली नाहीत.

भूमितीत पहिले पाऊल सिद्ध करता येत नाही, ते मानावे लागते. समांतर रेषांविषयीचे युक्लिडचे गृहीतक सिद्ध करायला गणितज्ञ सुमारे दोन हजार वर्षे झटले. शेवटी १८२९ मध्ये रशियन गणितज्ञ लोबाचेव्हस्कीने ते बाजूला ठेवून वेगळीच भूमिती मांडली. नीतीतही हेच होते. जग कसे आहे एवढ्यावरून माणसाने कसे वागावे हे निघत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवून दिले. परक्याचे दुःख आपल्या लेखी मोलाचे आहे, हे कुठल्या प्रमेयातून काढणार? शिवाय विद्वत्तेने माणूस सावध होतोच असे नाही. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवली. त्यामागे होते ते त्या काळी विद्यापीठांतून शिकवले जाणारे सुप्रजननशास्त्र, म्हणजे ‘कमअस्सल’ ठरवलेल्यांना मुले होऊ देऊ नयेत असे सांगणारी विचारसरणी. हे वाचते तेव्हा आजही संताप येतो.

आता माझ्यासारख्या सश्रद्धांविषयी. अमेरिकेतल्या गुलामगिरीचे समर्थक बायबल काढून दाखवत आणि विरोधकही तेच बायबल काढत. म्हणजे कोणते वचन शिरोधार्य मानायचे हे वाचणाराच ठरवत होता. ही निवड आपली असते, ती देवाच्या नावावर खपवू नये.

१६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे चौघांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिले. ते श्रद्धाळू होते. तो धीर त्यांना श्रद्धेनेच दिला असणार. पण आपल्या धर्मबंधूंना त्यांनी विचारले ते असे की, तुम्हाला कुणी असे वागवलेले चालेल का? आणि पुढे, तुम्हाला यांना गुलाम ठेवण्याचा जितका हक्क आहे, तितकाच यांना स्वातंत्र्यासाठी लढण्याचा नाही का? या दुसऱ्या प्रश्नापाशी मी नेहमी थांबते. ज्याच्या पायात बेडी आहे त्याचीच बाजू तिथे बोलते आहे. कॅरी बकच्या खटल्यात तिच्या बाजूने असा प्रश्न कुणी मनापासून लढवला नाही. तिचा वकीलही नसबंदी करू पाहणाऱ्या संस्थेच्याच वर्तुळातला होता.

म्हणून दोन्ही पत्रलेखकांना माझी विनंती आहे. तत्त्व कुठून आले याचा वाद चालू द्या, पण त्या तत्त्वापायी ज्याला सोसावे लागते त्याने ‘का?’ विचारले तर आपण काय उत्तर देणार, हे पुढच्या पत्रात लिहावे. ‘ग्रंथात आहे’ किंवा ‘तज्ज्ञांनी ठरवले आहे’ एवढ्यावर ते उत्तर थांबू नये.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका