बाल्टिमोरमधली तिसरी रेघ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या वर्णभेदावर मराठीत लिहिले जाते तेव्हा नकाशात बहुधा दोनच रंग असतात, गोरा आणि काळा. तो नकाशा १९४०-५०च्या बाल्टिमोरवर ठेवला तर शहराचा वायव्येकडचा मोठा तुकडा कुठेच बसत नाही. तिथे घरांचा बाजार तीन भागांत वाटलेला होता: ख्रिस्ती गोरे, ज्यू आणि कृष्णवर्णीय. ज्यू मूल शाळेच्या दाखल्यावर गोरे होते, घराच्या व्यवहारात नव्हते. ही वाटणी कशी चालायची, ते जरा तपशिलात सांगावेसे वाटते.

सुरुवात उघड कायद्याने झाली. जॉर्ज मेकमेकन हे कृष्णवर्णीय वकील १९१० मध्ये मॅककला स्ट्रीटवर राहायला गेले आणि गोऱ्या शेजाऱ्यांनी गहजब केला. त्याच डिसेंबरात महापौर महूल यांनी एका ठरावावर सही केली: ज्या गल्लीत निम्म्याहून अधिक गोरे, तिथे कृष्णवर्णीयाने राहायला यायचे नाही, आणि उलटही. अमेरिकेतला असा हा पहिला कायदा. ज्यूंचे नाव त्यात नाही. कायद्याच्या लेखी ते गोऱ्यांतच. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिलच्या खटल्यात असे कायदे रद्द केले. मग नगरपालिकेने सोडलेले काम खरेदीखताने उचलले.

खरेदीखतातली ‘अमुक गटाला घर द्यायचे नाही’ ही अट म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यावर चढलेला बोजाच समजा. ती माणसाला नव्हे, जमिनीला चिकटते. मालक बदलला तरी पुढच्यावर बांधील राहते. ती दोन वाटांनी लागे. एक, विकासक जमीन पाडून विकतानाच प्रत्येक प्लॉटच्या कागदात घाली. दुसरी, आधीच वसलेल्या गल्लीतले मालक एकत्र येऊन करारावर सह्या करीत. सेंट लुईसच्या ज्या करारावरून पुढे प्रसिद्ध शेली खटला झाला, त्यावर १९११ मध्ये ३९ पैकी ३० मालकांनी सह्या केल्या होत्या, मुदत ५० वर्षांची. अट मोडली तर पोलीस येत नसत. कोणीही शेजारी कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणी आणि घर रिकामे करून घेई. मोलकरीण किंवा माळी म्हणून तिथेच राहणाऱ्या कृष्णवर्णीयाला बहुतेक करारांत सूट असे, हे सोयीस्करपणे लक्षात ठेवलेले असे.

ज्यूंचे प्रकरण इथे वेगळे होते, आणि अभ्यासक इथेच फसतात. बाल्टिमोरच्या उत्तरेकडचे रोलंड पार्क, गिलफर्ड आणि होमलँड हे तिन्ही श्रीमंती भाग रोलंड पार्क कंपनीने वसवले. गिलफर्डच्या १९१३च्या अटींत कृष्णवर्णीयांना मनाई स्पष्ट लिहिली आहे. ज्यूंना मनाई कंपनीच्या धोरणात होती: चौकशी करायची, आडनाव आणि ओळखी तपासायच्या, मग ‘सध्या प्लॉट शिल्लक नाही’ म्हणायचे. अवघ्या ६० किलोमीटरवरच्या वॉशिंग्टनमध्ये मात्र स्प्रिंग व्हॅली या वसाहतीच्या खतांनी ‘सेमिटिक वंशा’च्या लोकांना नाव घेऊन वगळले, आणि त्या शब्दाखाली ज्यू व हिब्रूंबरोबर आर्मेनियन, पर्शियन आणि सीरियनही बसवले. आर्मेनियन आणि पर्शियन माणूस सेमिटिक कसा, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडले नाही.

न लिहिलेली मनाई किती काटेकोर असू शकते, ते डेट्रॉइटच्या शेजारच्या ग्रोस पॉइंटमध्ये १९६० साली उघडकीला आले. तिथे खाजगी गुप्तहेर गिऱ्हाइकाची माहिती काढी आणि दलालांची समिती गुण देई. राहणी ‘अमेरिकी’ आहे का, रंग सावळा आहे का, उच्चार कसे, मित्र कोण, नाव कसे वाटते, असे प्रश्न. शंभरापैकी साधारण गोऱ्याला ५० गुण पुरत. पोलिश माणसाला ५५ लागत, दक्षिण युरोपीयाला ६५ आणि ज्यूला ८५. कृष्णवर्णीय व आशियाई यांचा कागद तपासायलाच घेत नसत. परीक्षा घेतली जाते तिथे नापास करण्याचे कारण आधीच तयार असते. पण ज्याला परीक्षेलाच बसू देत नाहीत त्याच्याशी याची बरोबरी करू नये.

मग सरकारी पैसा आला. १९३४ पासून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही केंद्र सरकारची संस्था गृहकर्जाचा विमा उतरवू लागली. त्यापूर्वी घर घ्यायचे तर निम्मी रक्कम रोख भरावी लागे आणि उरलेले कर्ज बहुधा पाचेक वर्षांत फेडावे किंवा नव्याने उभे करावे लागे. विमा आल्यावर १० ते २० टक्के रोख आणि २०-२५ वर्षांचा सारखा हप्ता, एवढ्यावर काम भागू लागले. पण मूल्यमापकांच्या हातातली पुस्तिका ‘विसंगत वंशां’ची वस्ती टाळा आणि खरेदीखतात अटी घाला असे सांगत होती. या संस्थेत पुढे अर्थतज्ज्ञ झालेल्या होमर हॉइट यांनी १९३३च्या शिकागोवरील ग्रंथात जमिनीच्या किमतीवर कोणता गट कसा परिणाम करतो याची दहा पायऱ्यांची उतरंड छापली होती. वर इंग्रज-जर्मन, सातव्या पायरीवर ‘खालच्या वर्गातले रशियन ज्यू’, नवव्यावर कृष्णवर्णीय, शेवटी मेक्सिकन. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या दुसऱ्या सरकारी संस्थेने बाल्टिमोरचा कर्जाच्या जोखमीचा नकाशा १९३७ मध्ये केला: हिरवा सर्वांत सुरक्षित, मग निळा, पिवळा आणि सर्वांत जोखमीचा लाल. त्या संस्थेच्या वर्णनपत्रकांत ‘घुसखोरी’चा रकाना असे, आणि अनेक शहरांत त्यात ज्यूंचे नाव लिहिलेले सापडते.

यातून बाल्टिमोरच्या ज्यूंचा भूगोल ठरला. पूर्व बाल्टिमोरमधल्या लोम्बार्ड स्ट्रीटच्या दाटीतून युटॉ प्लेस, तिथून ड्रुइड हिल पार्कभोवती, मग फॉरेस्ट पार्क व पार्क हाइट्स आणि शेवटी पाइक्सव्हिल. शहराची ज्यू वस्ती वायव्येच्या एकाच पट्ट्यात सरकत गेली, कारण फॉल्स रोड या उत्तर-दक्षिण रस्त्याच्या पूर्वेकडची चांगली घरे त्यांना मिळत नसत. याला धार्मिक कारणही जोडले गेले. सनातनी ज्यू शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनात बसत नाहीत; सिनगॉग (प्रार्थनास्थळ) चालत जाण्याच्या अंतरावर हवे, खाटीक आणि पावाचे दुकानही जवळ हवे. ज्यूंमधल्या मध्यममार्गी कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने १९५० मध्ये सिनगॉगपुरती मोटार चालवायला मुभा दिली, सनातन्यांनी दिली नाही. म्हणजे बाहेरच्यांनी आखलेली रेघ आणि आतली गरज एकमेकींवर पडत. नुसते ‘त्यांना एकत्र राहायला आवडते’ म्हणणारे पहिली रेघ विसरतात.

आता मुलाच्या बाजूने पाहा. फॉरेस्ट पार्क हायस्कूलमध्ये ज्यू मुले भरपूर, पण १९५४च्या सप्टेंबरपर्यंत एकही कृष्णवर्णीय वर्गमित्र नाही; ती मुले डग्लस किंवा डनबार या कृष्णवर्णीयांसाठीच्या शाळांत. (पॉलिटेक्निक या हायस्कूलच्या प्रगत अभ्यासक्रमाचे दार तेवढे १९५२ मध्ये किलकिले झाले होते.) ड्रुइड हिल पार्कमध्ये ज्यू मुलाला पोहण्याचा मोठा तलाव खुला, कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२१ मध्ये बांधलेला ‘पूल नंबर २’ त्याच्या निम्म्या आकाराचा, आणि शहरभरच्या कृष्णवर्णीयांसाठी तेवढाच. त्याच बागेत ११ जुलै १९४८ रोजी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय खेळाडूंनी मिळून टेनिस खेळून अटक करून घेतली. तलाव १९५६ मध्ये सगळ्यांना खुले झाले. शहराच्या मध्यभागी हट्झलर्स, हेक्ट, होशचाइल्ड कोन ही बडी दुकाने ज्यू घराण्यांची. तिथे ज्यू आई मुलाला कोट घालून बघे, कृष्णवर्णीय आईला तसे करू देत नसत आणि तिचा माल परत घेत नसत. मालक ज्यू होते म्हणून हे सौम्य ठरत नाही. १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या धरण्यांनंतर होशचाइल्ड कोनने आपले उपाहारगृह कृष्णवर्णीयांना आधी उघडले, इतरांनी नंतर. फक्त गोऱ्यांना प्रवेश देणाऱ्या ग्विन ओक करमणूक-बागेसमोर ४ जुलै १९६३ रोजी अटक झालेल्यांत बाल्टिमोर हिब्रू काँग्रिगेशनचे रब्बी (धर्मगुरू) मॉरिस लिबरमन होते.

१९४८ मध्ये सेंट लुईसच्या त्या शेली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अशी अट लिहिली तरी कोर्ट ती अंमलात आणणार नाही. निकाल ६-० झाला. तीन न्यायमूर्ती कारण न देता बाजूला राहिले, त्यांच्याच घरांवर अशा अटी असाव्यात असा तर्क तेव्हापासून आहे. यानंतर ज्यू वस्त्या सगळ्यांत आधी बदलल्या. दलाल गल्लीत एक घर कृष्णवर्णीय कुटुंबाला विकी, मग शेजाऱ्यांना ‘भाव पडणार’ म्हणून घाबरवी, स्वस्तात घेतलेले घर चढ्या भावाने हप्त्यांवर देई. हप्त्याच्या करारात घर नावावर होत नसे. एक हप्ता चुकला की घर आणि भरलेले सगळे पैसे गेले. बँका कर्ज देत नसल्याने घेणाऱ्याला दुसरा मार्ग नव्हता. हा धंदा करणाऱ्यांत ज्यूही होते आणि त्याविरुद्ध लढणाऱ्यांतही. शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल या ज्यू वस्तीत १९५० साली कृष्णवर्णीय १३ टक्के होते, १९६० मध्ये ९१.

बाल्टिमोरच्या युटॉ प्लेसवरचे ओहेब शालोम या ज्यू मंडळाचे १८९३चे घुमटाचे मंदिर त्याच लाटेत प्रिन्स हॉल फ्रीमेसन या कृष्णवर्णीयांच्या बंधुसंघटनेने घेतले.

ज्यांना हे कागदावर पाहायचे आहे त्यांच्यासाठी. मेरीलँडची जमिनीची जुनी दप्तरे राज्य अभिलेखागाराने मोफत ऑनलाइन ठेवली आहेत, फक्त खाते उघडावे लागते. मालकाच्या नावाने शोधत बसू नका. अलीकडच्या खतावरचा ग्रंथ आणि पान क्रमांक घ्या आणि एकेक विक्रेता मागे जात मूळ विकासकापर्यंत पोहोचा. नंतरच्या खतांत अट पुन्हा छापलेली नसते, ‘पूर्वी नोंदलेल्या अटींच्या अधीन’ एवढेच असते. त्या ओळीतला क्रमांक सोडला की शोध तिथेच संपतो. बाल्टिमोरची पुष्कळ चाळवजा घरे ‘ग्राउंड रेंट’वर, म्हणजे ९९ वर्षांच्या नूतनीकरण होणाऱ्या भाडेपट्ट्यावर आहेत, तिथे खरेदीखताबरोबर मूळ पट्टाही काढा. ज्यूंना दिलेला नकार मात्र यांपैकी कशात मिळणार नाही. त्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली रोलंड पार्क कंपनीची पत्रे चाळावी लागतात.

आपले,
अमेरिकी शहरांच्या इतिहासाचे दोन अभ्यासक